फुल-रेंज ध्वनिक्षेपक (बुकशेल्फ प्रकार)

खर्जापासून तारापर्यंतचे स्वर एकाच एककातून देणारा, फळीवर मावणारा जुना ध्वनिक्षेपक. राइस व केलॉग यांची १९२५ची चलकुंडल रचना त्याचा पाया. फिलिप्सच्या ९७१० या ८ इंची एककात मोठ्या कागदी शंकूच्या मध्यभागी छोटा शंकू जोडलेला असे; उच्च कंप्रता तोच उचलतो. क्रॉसओव्हर (स्वर वेगवेगळ्या एककांत वाटणारे मंडल) नसल्याने गाणाऱ्याचा आवाज दुभंगत नाही. नाट्यसंगीत, भावगीत ऐकताना हे या रचनेचे खरे वैभव जाणवते. खर्ज मात्र तोकडा. डोंबिवलीतल्या छोट्या खोलीत ध्वनिक्षेपकाची पेटी भिंतीलगत ठेवली की तो भरतो. तीव्र स्वर समोरच एकवटतात, म्हणून शंकू कानाच्या उंचीवर हवा.