'एन्फोर्स'ची मराठी वाट

सकाळी वर्तमानपत्र उघडले की 'सक्तवसुली संचालनालय' हा शब्द भेटतो. 'एन्फोर्समेंट डायरेक्टोरेट'चे हे रूढ मराठी नाव. मूळ इंग्रजी नावात वसुली कुठेच नाही. १९५६ साली परकीय चलनाच्या कायद्यासाठी 'एन्फोर्समेंट युनिट' स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी त्याचे डायरेक्टोरेट झाले. हिंदीने त्याला 'प्रवर्तन निदेशालय' म्हटले. मराठीत मात्र सक्ती आली आणि तिचा हात धरून वसुलीही आली. भाषांतरकाराची ही चूक म्हणून मी बरीच वर्षे हसत होतो. आता तेवढे हसू येत नाही.

'एन्फोर्स' हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याच्या पोटात लॅटिन 'फोर्टिस', म्हणजे बळकट, हा शब्द आहे. आरंभी अर्थ होता बळ देणे, बळ लावणे, माणसावर जबरदस्ती करणे. कायदा पाळायला लावणे हा अर्थ नंतरचा. माणूस कर्माच्या जागेवरून हळूहळू सरकला आणि तिथे कायदा येऊन बसला. जोर शेवटी माणसावरच पडतो, पण वाक्यात तो माणूस दिसत नाही. 'इम्पोज'चे तसे नाही. तिथे कोणावर लादले हे बहुधा सांगावे लागते, आणि आपले 'लादणे' त्याला चपखल बसते. शिवाय इंग्रजीत हक्कही 'एन्फोर्स' करता येतो. हक्क लादता येत नाही, आणि हक्काची सक्तवसुली म्हटले तर लोक हसतील.

आपला जुना शब्द अंमलबजावणी. 'अंमल' अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. मराठीत त्याचा अर्थ सत्ता, आणि नशासुद्धा. अंमलदार आणि अंमली पदार्थ एकाच घरातले. 'बजावणी'त फारसी 'बजा' आहे, म्हणजे जागेवर; हुकूम बजा आणणे म्हणजे तो तडीस नेणे. आपण समन्स बजावतो, कर्तव्य बजावतो, आणि मुलाला 'पुन्हा असे करू नकोस' असेही बजावतो. तेव्हा हुकूम काढणे वेगळे आणि तो बजावणे वेगळे, ही समज या शब्दातच होती. ती किती महाग पडू शकते हे महाडच्या प्रकरणात दिसते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा त्याचा आशय. पण ठरावाचे क्रियापद शिफारशीचे होते. सरकारने खात्यांना तसे कळवले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तीन झाले, तरी तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस पाणी प्यायला जाऊ शकला नाही. १९२६ मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला: जी नगरपालिका हे मानणार नाही तिचे अनुदान थांबवा. माझ्या मते 'एन्फोर्स' या क्रियापदाचा खरा अर्थ बोल्यांना त्या तीन वर्षांत कळला असावा.

मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. जे सरकारने आणि नगरपालिकेने बजावायचे, ते ज्यांचा हक्क होता त्यांनीच बजावले. परतणाऱ्यांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. तो मात्र ताबडतोब लागू झाला! आंबेडकरांनी तो पाळला. परिषदेला आलेल्या लोकांनी तळ्याला फक्त प्रदक्षिणा घातली. सवर्णांचे शेवटचे अपील मुंबई उच्च न्यायालयात फेटाळले गेले ते १९३७ साली.

हा अनुभव असलेला माणूस पुढे घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. मूलभूत हक्क एन्फोर्स करून घेण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येईल, असे सांगणाऱ्या कलमाला त्यांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत राज्यघटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले. ते आजचे ३२ वे कलम. या वाक्यामागे मला महाड दिसते. हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

त्याहून मला अडवून धरते ते १७ वे कलम. अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगून ते थांबत नाही. अस्पृश्यतेतून येणारी कोणतीही निःसमर्थता 'एन्फोर्स' करणे हा गुन्हा ठरेल, असे ते पुढे म्हणते. इथे या क्रियापदाचा कर्ता सरकार नाही. कर्ता आहे गाव, शेजार, विहिरीवर उभा असलेला माणूस. अंमल राजाचाच असतो असे आपण समजतो, पण गावाचाही एक अंमल असतो आणि तो कागदाशिवाय बजावला जातो. तो मोडायला कायद्याला आधी त्याचे नाव घ्यावे लागले. हेच क्रियापद १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यातही आले, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात कोणत्या ठिकाणी अशी आडकाठी करता येणार नाही याची यादी आहे. त्या यादीत नदी, ओढा, झरा, विहीर आहे, आणि तळेही आहे.