१४. नाकामागची गाठ

या गाठीचे वैद्यकीय नाव ‘अँजिओफायब्रोमा’. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणारी, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ. ती जवळजवळ केवळ वयात येणाऱ्या मुलग्यांनाच होते. कर्करोग नव्हे, तरी हाड झिजवत डोळ्याच्या खोबणीत, क्वचित कवटीतही शिरते. नाक चोंदणे आणि वारंवार घोळणा फुटणे या पहिल्या खुणा. ‘उष्णता झाली’ म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते, हे वाईटच. डॉक्टर या गाठीचा तुकडा काढून तपासायला नकार देतात, कारण त्याने होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. निदान सीटी स्कॅन व एमआरआयवरून करतात. शस्त्रक्रियेच्या एक-दोन दिवस आधी गाठीला रक्त पुरवणारी धमनी आतून बुजवतात, मग बहुधा दुर्बिणीने नाकावाटेच गाठ काढतात. अंश मागे राहिल्यास ती पुन्हा वाढू शकते.