परिवेश-चले व शेलच्या प्रारंभ-फायली

युनिक्स व तिच्या वंशातील संगणक प्रणालींत प्रत्येक चालू कार्यक्रमाबरोबर नाव आणि मूल्य अशा जोड्यांची एक यादी असते. या जोड्यांना परिवेश-चले म्हणतात. वापरणाऱ्याची स्वतःची निर्देशिका दर्शविणारे ‘होम’, आज्ञांचा शोध कोणत्या निर्देशिकांत व कोणत्या क्रमाने घ्यावयाचा ते ठरविणारे ‘पाथ’ आणि टर्मिनलाचा प्रकार सांगणारे ‘टर्म’ ही नित्याची उदाहरणे होत. टंकित केलेल्या आज्ञा वाचून त्या पार पाडणारा कार्यक्रम म्हणजे शेल व तो सुरू होताना आपण होऊन ज्या फायली वाचतो त्या प्रारंभ-फायली होत.

नवा कार्यक्रम सुरू होताना त्याला ही यादी जनक-कार्यक्रमाकडून नकलेच्या रूपाने मिळते. मात्र अपत्य-कार्यक्रमाने आपल्या नकलेत केलेला बदल जनकापर्यंत पोहोचत नाही. चले कोणत्या फायलीत लिहावीत, या प्रश्नाचे मूळ या एकमार्गी वारशात आहे.

ऐतिहासिक आढावा : आज्ञांची फाइल एकत्रितपणे चालविण्याची सोय लुई पूझँ यांनी १९६३-६४ च्या सुमारास मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील सीटीएसएस या प्रणालीत ‘रनकॉम’ या नावाने केली. अनेक प्रारंभ-फायलींच्या नावाअखेरची ‘आरसी’ ही अक्षरे त्यावरूनच आली. युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीत केन टॉम्पसन यांचा शेल होता. त्यात परिवेश-चले नव्हती. ती जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत, स्टीव्हन बॉर्न यांच्या शेलबरोबर आली. वापरणाऱ्याने प्रणालीत प्रवेश केला की हा शेल ‘.प्रोफाइल’ ही फाइल वाची. ‘एक्सपोर्ट’ केलेली चले तेथून पुढील सर्व कार्यक्रमांना वारशाने मिळत. त्यामुळे ती एकदाच लिहिणे पुरेसे होई.

बर्कली येथे बिल जॉय यांनी तयार केलेल्या सी शेलने ही व्यवस्था दुहेरी केली. प्रवेशाच्या वेळी ‘.लॉगिन’ आणि प्रत्येक शेलच्या आरंभी ‘.सीएसएचआरसी’ वाचली जाई. या विभागणीस सबळ कारण होते. आज्ञांची लघुनामे वारशाने उतरत नाहीत, म्हणून ती प्रत्येक शेलला नव्याने सांगावी लागतात. परिवेश-चलांना त्याची गरज नसते. ब्रायन फॉक्स यांच्या बॅश (१९८९) या शेलने हाच भेद पुढे चालविला. प्रवेशाच्या वेळी तो ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’ व ‘.प्रोफाइल’ यांपैकी क्रमाने प्रथम आढळणारी एकच फाइल वाचतो, तर प्रवेशाविना उघडलेला संवादी शेल ‘.बॅशआरसी’ वाचतो. पॉल फॉलस्टॅड यांच्या झेडशेलने (१९९०) प्रत्येक प्रसंगी वाचली जाणारी ‘.झेडएसएचएन्व्ह’ ही आणखी एक फाइल दिली.

खिडक्यांच्या पडद्यामुळे जुने गृहीत मोडले. एक्स विंडो प्रणालीत (१९८४) चित्रमय प्रवेशानंतर उघडलेल्या खिडकीतील शेल बहुधा प्रवेश-शेल नसतो. म्हणून अनेकांनी चले ‘.बॅशआरसी’मध्ये लिहिली. परिणामी शेलमधून शेल उघडताच ‘पाथ’मध्ये त्याच निर्देशिका पुन्हा जोडल्या जातात आणि चित्रसूचीतून सुरू केलेल्या कार्यक्रमांना ती मूल्ये मिळतच नाहीत. ठरल्या वेळी कामे चालविणारा ‘क्रॉन’ सामान्यतः यांपैकी कोणतीही फाइल वाचत नाही.

सुरक्षितता : वारशाने आलेल्या मूल्यावर कार्यक्रम विश्वास ठेवतो, हाच यातील धोका होय. सातव्या आवृत्तीत आज्ञांचा शोध प्रथम चालू निर्देशिकेत घेतला जाई. त्यामुळे सामायिक निर्देशिकेत एखाद्याने नित्याच्या आज्ञेच्या नावाचा घातक कार्यक्रम ठेवल्यास तोच चाले. सप्टेंबर २०१४ मध्ये उघडकीस आलेला ‘शेलशॉक’ हा दोष बॅशमध्ये १९८९ पासून होता. परिवेश-चलातील फलनाच्या व्याख्येपुढे जोडलेल्या आज्ञाही बॅश पार पाडी. परिणामी काही वेबसेवकांना दूरवरून पाठविलेल्या विनंतीतून परक्या आज्ञा चालविता येत.

सर्व प्रणालींना लागू पडेल अशी एकच फाइल नाही. तथापि वारशाने उतरणारी मूल्ये प्रवेशाच्या फायलीत व न उतरणाऱ्या सोयी प्रत्येक शेलच्या फायलीत लिहाव्यात, हे तत्त्व अद्यापही उपयुक्त ठरते.