रिमवरचा आकडा: पुढून ओढणाऱ्या गाडीचा एक छोटा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या मालिकेत हे गॅरेज कुठून आलं? गाडीला बाजारातली अलॉय चाकं लावायची, कमी उंचीच्या स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवायची, यात इतिहास कसला? तर रिमच्या आतल्या बाजूला एक आकडा कोरलेला असतो. 'ईटी 38', 'ईटी 45' असा काहीतरी. आज आपण तो आकडा वाचायला शिकणार आहोत.

'ईटी' हे 'आइनप्रेसटीफं' या जर्मन शब्दाचं लघुरूप. रिमच्या बरोबर मध्यापासून, चाक हबला जिथे टेकतं ती पातळी किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर येतं.

आता हा आकडा महत्त्वाचा का झाला, ते पाहू. पुढून ओढणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे. ब्रेक मारला की वजन आणखी पुढे झुकतं, आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात. ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवायचे, म्हणजे एक फुटला तर दुसरा वाचवेल, हा विचार तोवर आलेला होता. पण एक मार्ग पुढच्या चाकांना आणि दुसरा मागच्यांना दिला, आणि नेमका पुढचाच फुटला, तर हातात उरतं काय? म्हणून मार्ग तिरके घेतले गेले. एक पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला, दुसरा उलट.

पण यातून नवी अडचण आली. एक मार्ग गेला की पुढचं एकच चाक ब्रेक घेणार, आणि गाडी त्या बाजूला ओढली जाणार. वेगात असताना, घाबरलेल्या माणसाच्या हातात स्टेअरिंग असताना!

याचं उत्तर 1972च्या ऑडी 80मध्ये दिसतं. दाराचं उदाहरण घ्या. दार बिजागरीभोवती फिरतं. बिजागरीच्या कोणत्या बाजूला जोर पडतो, त्यावर ते कुठे वळणार हे ठरतं. पुढचं चाकही एका तिरक्या अक्षाभोवती वळतं. हा अक्ष जमिनीला जिथे भेटतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यातलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. ऑडीच्या अभियंत्यांनी अक्षाचा बिंदू टायरच्या मध्याच्या बाहेर नेला. म्हणजे ऋण स्क्रब रेडियस. आता एकाच चाकाचा ब्रेक लागला, तर ते चाक आपोआप किंचित आत वळतं. गाडी उजवीकडे ओढली जात असेल, तर चाक डावीकडे वळतं आणि ओढ बरीचशी मारली जाते. 1974च्या फोक्सवॅगन गोल्फलाही हीच रचना मिळाली.

गंमत अशी, की याच गोल्फनं पुढं सजावटीचा बाजार फुलवला. 1975च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय मांडली गेली. 1,588 सीसी, 110 अश्वशक्ती, 5.5 इंच रुंद आणि 13 इंचांच्या रिम. सुरुवातीला 5,000 गाड्यांचाच बेत होता. पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक निघाल्या. श्वार्त्सवाल्डमधल्या शिल्टाखला 1970 साली सुरू झालेली बीबीएस चाकं करत होती. फिनेनट्रोपची आयबाख आणि शेजारच्या लेनेश्टाटची एच अँड आर स्प्रिंगांसाठी नावाजली. 1982पासून ऑस्ट्रियातल्या व्योर्थर तळ्याकाठी जीटीआयवाल्यांचा मेळाच भरू लागला.

आणि इथेच खरा पेच आहे. चाक बाहेर आलेलं छान दिसतं. ईटी 38च्या जागी तेवढ्याच रुंदीचं ईटी 20 लावलं, तर चाक 18 मिलिमीटर बाहेर येतं आणि स्क्रब रेडियस तेवढाच सरकतो. मूळची योजना मोजक्या मिलिमीटरांची. ती पुसली जाऊ शकते. स्पेसर लावला तरी तेच. शिवाय जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्टेअरिंगला बसणारा हिसका वाढतो, कारण ओढणारा जोर अक्षापासून लांब गेला. रोज काही बिघडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जे बिघडतं, ते फक्त ब्रेकचा एक मार्ग फुटेल त्या दिवशी कळतं.

स्प्रिंगचंही तसंच. गाडी खाली आली की चाकाला वर-खाली हलायला जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग कडक लागते, आणि कडक स्प्रिंगला आवरणारा शॉक-अब्सॉर्बरही. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेंशनमध्ये फार खाली गेलं की खालचे आर्म उलटे झुकतात. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू, गाडी उतरली त्याहून अधिक खाली उतरतो. म्हणजे वळणावर कमी कलंडावी म्हणून खाली बसवलेली गाडी उलट जास्त कलंडू पाहते, आणि ते सगळं कडक स्प्रिंगनं दाबून धरावं लागतं!

मग निवडायचं कसं? ईटी शक्यतो मूळच्या जवळ, टायरचा बाहेरचा व्यास तेवढाच, रिम हलकी, मधलं भोक हबवर नीट बसणारं. उतरवायचं तर थोडंच, 30 मिलिमीटरच्या आसपास, जोडीला योग्य शॉक-अब्सॉर्बर, आणि नंतर अलाइनमेंट. जर्मनीत असे बदल तपासून, कागदावर चढवून घ्यावे लागतात. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. ते आधी वाचा.

वस्तूमध्ये जुने निर्णय साठलेले असतात. कुणीतरी कधी न भेटलेल्या ड्रायव्हरच्या सर्वांत वाईट दिवसाचा विचार करून ते घेतलेले असतात. चाक बदला, जरूर बदला. फक्त त्याआधी तो आकडा वाचा. आता प्रश्न घेऊ या.