राणीच्या बागेंतील थंडी

मुंबईची थंडी पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखीच निघून जाते. 22 जानेवारी 1962 रोजीं सांताक्रूझ येथें पारा 7.4 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पण असा दिवस विरळा. अशा या नगरींत ज्यांस बाराही महिने थंडी पुरवावी लागते, असे रहिवासी भायखळ्याच्या बागेंत आहेत. 2016 सालीं दक्षिण कोरियांतील सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन येथें आणण्यांत आले आणि मार्च 2017 मध्यें त्यांचें दालन लोकांस खुलें झालें.

ही बाग 1862 सालीं व्हिक्टोरिया उद्यान या नांवानें उघडली. ती मूळची वनस्पतींची. प्राणिसंग्रह तिला मागाहून जोडला गेला. पुढें तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव मिळालें, तरी लोकांच्या तोंडीं ती राणीची बागच राहिली.

परदेशचा प्राणी कसा ठेवावा, या प्रश्नाचें जुन्या संग्रहांचें उत्तर एकच होतें: पिंजरा. हवामान प्राण्यानें सोसावें. हँबुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनीं 1907 सालीं उघडलेल्या संग्रहांत गजांच्या जागीं खंदक व कृत्रिम खडक आले. कैद्यास निदान देखावा तरी स्वदेशाचा लाभला. तिसरें उत्तर यंत्राचें. भायखळ्यास काचेआड 16 ते 18 अंशांची हवा राखली जाते, ती याच उत्तराचा दाखला होय.

येथें एक लोकभ्रम दूर केला पाहिजे. पेंग्विन म्हटला कीं बर्फ डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु हंबोल्ट पेंग्विन हा पेरू व चिली या देशांच्या रुक्ष किनाऱ्यांवरचा पक्षी. त्याला थंडावा मिळतो तो त्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या शीत सागरप्रवाहाचा, आणि अन्न मिळतें तेंही त्याच प्रवाहांतील मासळीचें.

पौष-माघांतील एखाद्या पहाटे बाहेरचा पारा काचेआडच्या पाऱ्याच्या जवळ येतो. त्या घटकेस उष्णतेपुरती ती काच निरर्थक ठरते. तरी पक्षी घरीं पोंचला असें कोणी म्हणणार नाहीं. हवा यंत्रानें देतां येते, समुद्र देतां येत नाहीं.

यंत्र हरलें असें मात्र नव्हे. आठांपैकीं एक पक्षी 2016 मध्येंच दगावला. 15 ऑगस्ट 2018 रोजीं जन्मलेलें पहिलें पिल्लू थोडेच दिवस जगलें. पण 2021 सालीं जन्मलेलें एक पिल्लू वाढीस लागलें. तिकडे मूळ किनाऱ्यांवर अतिरिक्त मासेमारी व समुद्राचें तापणें यांमुळें ही जात संकटांत आहे. हें सत्य त्या काचेपुढें उभ्या राहिलेल्या मुलांस कळेल, तर या खटाटोपाचें कांहीं चीज होईल. बर्फाची कल्पना घेऊन आंत गेलेलें मूल तीच घेऊन बाहेर आलें, तर मात्र आपण पक्ष्याला विनाकारण दूर आणलें, असेंच म्हणावें लागेल.