मॉर्मन पंथ आणि अमेरिकेची राज्यघटना

१८३९ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्याकडे वॉशिंग्टन येथें दोन गृहस्थ गाऱ्हाणें घेऊन गेले. त्यांपैकीं एक इलियास हिग्बी. हे पूर्वीं मिसूरी राज्यांतील एका कौंटीचे न्यायाधीश होते. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. दुसऱ्याचें नांव जोसेफ स्मिथ. वयाचीं चौतीस वर्षेंही पुरीं न झालेला हा तरुण अनुयायांच्या लेखीं ईश्वराचा प्रेषित होता आणि मिसूरी सरकारच्या लेखीं राजद्रोहाच्या आरोपांतून निसटलेला फरारी कैदी होता. त्यांचें गाऱ्हाणें असें कीं, एका हिवाळ्यांत आपल्या पंथाचीं ८ ते १० हजार माणसें राज्याबाहेर हांकलून देण्यांत आलीं, जमिनी आणि गुरेंढोरें गेलीं, आणि हें सर्व खुद्द गव्हर्नरच्या लेखी हुकुमानें झालें. त्या हिवाळ्यांतील भेटींचा जो वृत्तांत स्मिथच्या बाजूनें लिहून ठेवला गेला, त्याप्रमाणें अध्यक्षमहाराजांचें उत्तर थोडक्यांत असें होतें: तुमची बाजू न्यायाची आहे, पण माझ्या हातीं कांहीं नाहीं, आणि मीं कांहीं केलेंच तर मिसूरीचीं मतें मला गमवावीं लागतील.

या उत्तराचे दोन भाग आहेत. एक घटनेचा, दुसरा मतांचा. मॉर्मन पंथाचा पहिल्या साठ वर्षांचा राजकीय इतिहास याच दोन खुंट्यांभोंवतीं फिरला आहे.

पहिला भाग आधीं पाहूं. अमेरिकेच्या राज्यघटनेस १७९१ सालीं जोडलेल्या पहिल्या दुरुस्तीनें नागरिकांना धर्मस्वातंत्र्य दिलें, असें आपण शाळेंत शिकतों. तें खोटें नाहीं. परंतु त्या कलमांतील वाक्याचा कर्ता कोण, इकडे सहसा आपलें लक्ष जात नाहीं. एखादा धर्म राज्याचा म्हणून स्थापन करणारा किंवा धर्माचरणास प्रतिबंध करणारा कायदा काँग्रेसनें करूं नये, एवढेंच तें कलम सांगतें. आणि काँग्रेस म्हणजे वॉशिंग्टनचें मध्यवर्ती कायदेमंडळ. घटक राज्यानें काय करूं नये, त्याच्या गव्हर्नरनें काय करूं नये, याविषयीं तें मुकें होतें. मॅसॅच्युसेट्ससारख्या सुधारलेल्या राज्यांत १८३३ सालापर्यंत कराच्या पैशांतून चर्चचा खर्च चाले. त्याच सालीं बाल्टिमोर बंदरांतील बॅरन नांवाच्या एका धक्केमालकाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगून टाकलें कीं, पहिल्या दहा दुरुस्त्यांतील हक्क मध्यवर्ती सरकारविरुद्ध आहेत, राज्यांविरुद्ध नाहींत. मिसूरीच्या स्वतःच्या घटनेंत धर्मस्वातंत्र्याचें कलम होतें खरें. पण तें राबवावयाचें कोणीं? ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच न्यायालयांनीं! १८४० च्या मार्चमध्यें सिनेटच्या समितीनें मॉर्मन लोकांच्या अर्जावर नेमका हाच शेरा मारला आणि त्यांना मिसूरीच्या न्यायालयांत जावयास सांगितलें. ज्या राज्यांत पाऊल टाकल्यास बेडी पडावयाची, तेथें फिर्याद लावावयाची!

आतां मतांचा भाग. त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८३० सालीं न्यूयॉर्क राज्यांत स्मिथनें आपला पंथ स्थापन केला. देवदूतानें दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ ईश्वरी साहाय्यानें भाषांतरिला, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्या खरेखोटेपणाचा विचार येथें कर्तव्य नाहीं. शेजाऱ्यांनीं तो केला, पण त्यापायीं गांव जाळण्यापर्यंत मजल गेली नसती. त्या काळच्या अमेरिकेंत नवे पंथ पावसाळ्यांतल्या छत्र्यांसारखे उगवत होते. मॉर्मन लोकांचें वेगळेपण असें कीं, ते एकत्र येऊन वसत, एकत्र जमिनी घेत, आपापसांत व्यवहार करीत आणि मतदानाच्या दिवशीं एकदिलानें एकाच बाजूस मत देत. मिसूरीच्या सरहद्दीवर जॅक्सन कौंटींत नवें सियोन उभें राहणार, असा ईश्वरी आदेश १८३१ सालीं जाहीर झाला, आणि उत्तरेकडील राज्यांतून लोक येऊं लागले. मिसूरी हें गुलामगिरीचें राज्य. मॉर्मन मंडळींच्या पत्रांत मुक्त काळ्या लोकांसंबंधीं एक लेख येतांच १८३३ च्या जुलैमध्यें जमावानें त्यांचा छापखाना मोडला आणि नोव्हेंबरांत सर्वांना कौंटीबाहेर काढलें. पुढें १८३६ सालीं राज्याच्या कायदेमंडळानें त्यांच्याचकरितां कॉल्डवेल नांवाची स्वतंत्र कौंटी काढून दिली. अट लेखी नव्हती, पण समजूत अशी होती कीं, यांनीं आपल्या कुंपणांत राहावें.

वाढती वस्ती कुंपणांत राहत नाहीं. शेजारच्या डेव्हिस कौंटींत त्यांचीं मतें वाढलीं, आणि ६ ऑगस्ट १८३८ रोजीं गॅलाटिन गांवीं निवडणुकीच्या जागींच दंगल झाली. या लोकांना मत देऊं द्याल तर तुमच्या मताला किंमत उरणार नाहीं, असें तेथल्या एका उमेदवारानें जमावाला ऐकविलें होतें. नंतरच्या तीन महिन्यांत दोन्ही बाजूंनीं लुटालूट व जाळपोळ झाली. मॉर्मन लोकांतही 'डॅनाइट' नांवाची गुप्त टोळी उभी राहिली आणि गॅलाटिनवर त्यांनीं धाड घातली, हें सांगितलें नाहीं तर हकीगत एकतर्फी होईल. २७ ऑक्टोबर रोजीं गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनीं लष्करी अधिकाऱ्यास लेखी हुकूम पाठविला कीं, मॉर्मन लोकांना शत्रू समजावें, आणि त्यांचा नायनाट करावा किंवा त्यांना राज्याबाहेर घालवावें. तीन दिवसांनीं हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला होऊन १७ माणसें मारलीं गेलीं; त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. तो हुकूम रीतसर मागें घेतला गेला १९७६ सालीं, म्हणजे १३८ वर्षांनीं.

निर्वासितांना इलिनॉय राज्यानें आश्रय दिला. त्यांत करुणा होती, हिशेबही होता. व्हिग व डेमोक्रॅट या पक्षांत तेथें चुरस होती, आणि हजारों मतांचा गठ्ठा कोणाच्या पदरांत पडतो याकडे दोघांचे डोळे होते. मिसिसिपी नदीच्या कांठीं नॉव्हू शहर वसलें. १८४० च्या डिसेंबरांत त्याला मिळालेली सनद इतकी उदार होती कीं, शहराला स्वतःचें न्यायालय आणि स्वतःची पलटणही ठेवतां आली. स्मिथ या पलटणीचा सेनापति झाला, पुढें नगराध्यक्षही झाला. म्हणजे धर्म, न्याय, शस्त्र आणि मतपेटी हीं चारही एका हातीं आलीं. पण याच शहराच्या सभेनें १ मार्च १८४१ रोजीं केलेला एक ठराव वाचण्यासारखा आहे. कॅथॉलिक, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, क्वेकर इत्यादि पंथांचीं नांवें घेऊन, आणि पुढें मुसलमानांचेंही नांव घेऊन, या सर्वांना शहरांत सारखेंच धर्मस्वातंत्र्य राहील असें त्यांत म्हटलें आहे. ज्यानें मार खाल्ला त्यालाच इतकी सविस्तर यादी करावीशी वाटते.

१८४३ च्या अखेरीस स्मिथनें अध्यक्षपदाच्या पांच संभाव्य उमेदवारांना पत्रें लिहून विचारलें कीं, आमच्यासंबंधीं आपलें धोरण काय राहील? कॅल्हून यांनीं उत्तर दिलें कीं, मध्यवर्ती सरकारचे अधिकार मर्यादित असून हें प्रकरण त्यांत बसत नाहीं. पुन्हां तेंच तुणतुणें! तेव्हां १८४४ च्या जानेवारींत स्मिथ स्वतःच अध्यक्षपदाचा उमेदवार झाला. हा निव्वळ वेडेपणा होता असें मला वाटत नाहीं. त्याच्या जाहीरनाम्यांत सरकारी जमिनींच्या उत्पन्नांतून मालकांना मोबदला देऊन १८५० पर्यंत गुलामांना मुक्त करावें, काँग्रेसच्या सभासदांची संख्या व वेतन कमी करावें, तुरुंगांची सुधारणा करावी, अशा सूचना होत्या. परंतु त्यांतील मर्म एका कलमांत आहे. जमावाच्या दंडेलीला आळा घालण्यासाठीं, राज्याच्या गव्हर्नरनें मागणी केली नसली तरी, अध्यक्षाला फौज पाठविण्याचा अधिकार असावा. व्हॅन ब्यूरन यांच्या उत्तराला दिलेलें हें प्रत्युत्तर होतें. शेंकडों मिशनरी प्रचारासाठीं गांवोगांव निघाले.

घात झाला तो घरांतून. स्मिथ गुप्तपणें अनेक विवाह करीत होता, आणि एकाच माणसाकडे सर्व सत्ता एकवटली होती. या दोन्ही गोष्टींना विटून पंथांतून फुटलेल्या कांहीं मंडळींनीं ७ जून १८४४ रोजीं 'नॉव्हू एक्स्पोझिटर' नांवाचें पत्र काढलें. त्याचा दुसरा अंक निघालाच नाहीं. नगरसभेनें तें पत्र सार्वजनिक उपद्रव ठरविलें आणि १० जून रोजीं नगराध्यक्षाच्या हुकुमावरून त्याचा छापखाना मोडला. अकरा वर्षांपूर्वीं मिसूरींत ज्यांचा छापखाना मोडला, त्यांनींच आतां दुसऱ्याचा मोडला. फरक एवढाच कीं, तेथें जमावानें मोडला आणि येथें ठराव करून मोडला. सारें राज्य खवळलें. स्मिथ स्वाधीन झाला. गव्हर्नर फोर्ड यांनीं त्याच्या जीविताची हमी दिली होती. २७ जून रोजीं तोंडाला काळें फांसलेल्या जमावानें कार्थेज येथील तुरुंगांत शिरून त्याला व त्याचा भाऊ हायरम याला गोळ्या घातल्या. पुढें पांच जणांवर खटला झाला; पांचही सुटले. १८४५ च्या जानेवारींत शहराची सनद रद्द झाली.

ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखालीं पंथ पुन्हां निघाला, आणि जुलै १८४७ मध्यें त्याचा पहिला तांडा ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत पोंचला. तो मुलूख तेव्हां मेक्सिकोचा होता, म्हणजे ते संयुक्त संस्थानांच्या हद्दीबाहेर पडले होते. पण सहा-सात महिन्यांतच, १८४८ च्या फेब्रुवारींत झालेल्या तहानें, तो मुलूख अमेरिकेला मिळाला आणि ज्या देशांतून निघून गेले तो देश त्यांच्या मागें चालत आला! त्यांनीं राज्याचा दर्जा मागितला. मिळाला तो १८५० सालीं 'टेरिटरी'चा, म्हणजे केंद्रशासित मुलुखाचा. येथें घटनेचें चक्र उलटें फिरलें. मिसूरी हें राज्य, म्हणून वॉशिंग्टनला तेथें कांहीं करतां येत नव्हतें. यूटा हा मुलूख, म्हणून वॉशिंग्टनला तेथें जवळजवळ सर्व कांहीं करतां येत होतें.

आणि तें केलें गेलें. १८५२ सालीं पंथानें बहुपत्नीत्व उघडपणें पुकारलें; १८५६ सालीं नव्या रिपब्लिकन पक्षानें गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाचे जुळे अवशेष म्हणून एकाच माळेंत ओंवलें. १८५७ सालीं यंगला गव्हर्नरपदावरून दूर करण्यासाठीं फौज निघाली. त्या भयग्रस्त वातावरणांत माउंटन मेडोज येथें मॉर्मन शिबंदीनें कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या तांड्याची कत्तल केली. सुमारें १२० माणसें गेलीं. या कृत्याला छळाची सबब पुरत नाहीं. १८६२ सालीं काँग्रेसनें मुलुखांतील बहुपत्नीत्व गुन्हा ठरविलें. आतां मात्र पहिल्या दुरुस्तीचा कर्ता, काँग्रेस, प्रत्यक्ष पुढें आला होता. हा कायदा आमच्या धर्माचरणाच्या आड येतो, असें म्हणून यंगच्या कचेरींतील जॉर्ज रेनॉल्ड्स यानें कसोटीचा खटला अंगावर घेतला. ६ जानेवारी १८७९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. सरन्यायाधीश वेट यांचें सूत्र असें: श्रद्धा स्वतंत्र, आचरण कायद्याच्या ताब्यांत. दृष्टांत देतांना ते थेट आपल्याकडे वळले. पतीच्या चितेवर स्वतःला जाळून घेणें हें आपलें धर्मकर्तव्य आहे असें एखादी स्त्री मानील, तर सरकारनें तिला रोखूं नये काय? असा त्यांचा सवाल आहे. सूत्र बिनतोड दिसतें. पण केवळ आचरणालाच हात लावावयाचा, ही मर्यादा पुढें पाळली गेली नाहीं.

यूटाच्या स्त्रियांना १८७० पासून मताचा हक्क होता. बहुपत्नीत्वाविरुद्ध त्या आपण होऊन मत देतील, ही पूर्वेकडील सुधारकांची अपेक्षा त्यांनीं फोल ठरविली, आणि १८८७ च्या कायद्यानें त्यांचा हक्क काढून घेतला. त्याच कायद्यानें पंथाची संस्था मोडून तिची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद झाली. शेजारच्या आयडाहो मुलुखानें तर मतदाराला शपथ घातली: बहुपत्नीत्व शिकविणाऱ्या संस्थेचा मी सभासद नाहीं. म्हणजे ज्याची एकच बायको, किंवा एकही नाहीं, त्याचेंही मत गेलें. आचरण शिक्षेस पात्र, हें ठीक. पण येथें सभासदत्वच पुरें झालें. १८९० च्या फेब्रुवारींत डेव्हिस खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंही उचलून धरलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत पंथाध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनीं बहुपत्नीत्व सोडल्याचें जाहीर केलें, आणि ४ जानेवारी १८९६ रोजीं यूटाला राज्याचा दर्जा मिळाला. धर्मस्वातंत्र्याचें कलम घटक राज्यांवरही बंधनकारक आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें तें १९४० सालीं, यहोवाचे साक्षीदार या दुसऱ्याच पंथाच्या खटल्यांत.

डेव्हिस खटल्याचा निकाल मात्र पुढें मुंबईपर्यंत आला. हिंदूंच्या द्विभार्याविवाहास बंदी करणारा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा धर्मस्वातंत्र्याविरुद्ध आहे, असा आक्षेप मुंबई हायकोर्टापुढें आला, तेव्हां १९५१ सालीं मुख्य न्यायमूर्ति छागला यांनीं तो नाकारतांना श्रद्धा व आचरण यांतील भेदासाठीं त्याच अमेरिकन निकालाचा आधार घेतला. तीन वर्षांनीं मद्रासकडील शिरूर मठाच्या खटल्यांत दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापुढें डेव्हिस खटल्यांतील धर्माची व्याख्या ठेवण्यांत आली. न्यायमूर्ति मुखर्जी यांना ती पुरेशी वाटली नाहीं. धर्म म्हणजे केवळ मत नव्हे, त्यांत विधि आणि आचारही येतात, आणि आपल्या घटनेचें संरक्षण त्यांनाही आहे, असें त्यांनीं निकालपत्रांत नमूद केलें.