शेकरूची वाट : भीमाशंकरच्या अरण्याचा इतिहास

१/
पुणे-नाशिक महामार्गावर चाकणचे कारखाने मागे पडले, की राजगुरुनगरहून एक रस्ता पश्चिमेकडे सह्याद्रीत शिरतो आणि भीमाशंकरच्या अरण्यात जाऊन पोहोचतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू इथे राहतो. जमिनीला क्वचितच पाय लावणाऱ्या या खारीच्या वाटेवरून या डोंगराचा इतिहास वाचता येतो. 🧵

२/
हा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून घडला. माथा समुद्रसपाटीपासून साधारण १००० मीटरवर. पश्चिमेला कोकणात उतरणारे सरळ कडे. मोसमी ढग या कड्यांना अडतात आणि मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडे मात्र तो झपाट्याने कमी होतो. म्हणूनच इथल्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाचा पट्टा अरुंद आहे.

३/
याच माथ्यावर भीमा नदी उगम पावते. पिंपरीतून वाहणारी पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते. आळंदीची इंद्रायणीही तुळापूरला भीमेतच विलीन होते. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या नद्यांचे पाणी अखेर या अरण्यात जन्मलेल्या नदीतूनच पंढरपूरकडे जाते.

४/
शेकरू फांद्यांतूनच फिरते, उंच झाडांच्या शेंड्यांजवळ काटक्या-पानांची गोल घरटी बांधते आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सुमारे सहा मीटरपर्यंत झेप घेते. त्यामुळे झाडे नुसती असून भागत नाही, झाडाला झाड लागून असावे लागते. मध्ये मोकळी पट्टी पडली, की त्याची वाट खुंटते.

५/
पाश्चात्त्य विज्ञानात या शेकरूची नोंद १८३१ मध्ये झाली. कंपनी सरकारच्या सेवेतील लष्करी अधिकारी विल्यम सायक्स यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्यात या प्राण्याला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले गेले. ते नाव आजही इथल्या उपजातीला आहे. डोंगरातल्या माणसांसाठी मात्र ते शेकरूच राहिले.

६/
या अरण्याला पहिले संरक्षण श्रद्धेने दिले. भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. मंदिराचे शिखर नाना फडणविसांनी बांधवले. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी आणल्याचे सांगितले जाते, ती पोर्तुगीज घंटाही इथेच आहे. परिसरातील गावांनी आपापल्या देवरायांत कुऱ्हाड चालवू दिली नाही. आहुप्याची देवराई त्यांपैकीच एक.

७/
दुसरे संरक्षण आले ते सरकारी मालकीसह. १८७८ च्या वन कायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे वापराचे हक्क आक्रसले. इथल्या महादेव कोळी समाजाचे जगणे भातशेतीबरोबरच जंगलावर उभे होते. बाळहिरडा वेचणे, वाळवणे आणि बाजारात विकणे हा आजही अनेक घरांचा मोठा आधार आहे. हिरड्याचे झाड उभे राहिले, तरच हे उत्पन्न टिकते.

८/
१९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय भाषेत मांडले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९८५ मध्ये सुमारे १३० चौरस किलोमीटरचे भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. ते पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे.

९/
भीमाशंकर राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यानात चराई आणि स्थानिकांचे हक्क संपुष्टात येतात. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. त्यामुळेच या सीमेच्या आत आजही गावे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गावांना सामूहिक दाव्याचा मार्ग खुला केला.

१०/
धोका मात्र सीमेलगत उभा राहिला. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या अहवालात अभयारण्याला लागून असलेल्या डोंगरमाथ्यावरील पवनचक्की प्रकल्पाची आणि त्यासाठी झालेल्या रस्त्यांची व वृक्षतोडीची दखल आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा ठरली. महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांची निवड झाली. भीमाशंकर त्या यादीत नाही.

११/
देवाच्या भीतीने, कायद्याच्या धाकाने आणि हिरड्याच्या गरजेने असे तीन वेगवेगळ्या कारणांनी हे जंगल टिकले. यांतले एकही कारण एकटे पुरले नसते. भीमाशंकरला गेल्यावर मंदिराच्या पायऱ्या उतरताना एकदा वर पाहावे. फांद्या एकमेकींना भिडलेल्या दिसल्या, तर शेकरूची वाट अजून शाबूत आहे असे समजावे.